इलेक्ट्रॉनिक संगीतरचनेचे पदव्युत्तर शिक्षण : स्टुडिओची निवड, पोर्टफोलिओ आणि अर्जाची तयारी

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकतर डीजे येतो, नाहीतर चित्रपटगीतांच्या संयोजकाचा कीबोर्ड येतो. पदव्युत्तर पातळीवर शिकवल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतरचनेशी या दोघांचेही नाते आहे, पण ते लांबचे आहे. या अभ्यासक्रमांत सुरावट, ताल आणि वाद्यमेळ यांच्याही आधी ध्वनी हाच रचनेचा कच्चा माल मानला जातो. तो मुद्रित करून कापायचा, ताणायचा, उलटा फिरवायचा किंवा गणिती सूत्रातून नव्याने निर्माण करायचा, त्यातून दहा-पंधरा मिनिटांची सुसंगत रचना उभी करायची आणि ती श्रोत्यांभोवती मांडलेल्या स्पीकरांमधून सभागृहात ऐकवायची, असे या शिक्षणाचे ढोबळ स्वरूप आहे. संगीताची पदवी घेतलेले विद्यार्थी इकडे वळतात, तसेच अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र किंवा चित्रपटातील ध्वनी या क्षेत्रांतून आलेलेही वळतात. भारतात या विषयाला वाहिलेले पदव्युत्तर शिक्षण जवळजवळ उपलब्ध नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तांत्रिकदृष्ट्या उत्तम पाया घालतो, परंतु त्याचे लक्ष्य चित्रपट आहे. त्यामुळे ज्याला रचनाकार म्हणून शिकायचे आहे त्याला आज तरी परदेशी अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी किमान पंधरा महिने आधी तयारीला लागावे लागते.

आधी घराणी ओळखावीत

अर्ज करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. विद्यापीठांची यादी शुल्क, शहर किंवा जागतिक क्रमवारी पाहून केली जाते. या विषयात मात्र प्रत्येक स्टुडिओ एखाद्या घराण्यासारखा असतो. त्याची स्वतःची विचारपद्धती असते, आवडीनिवडी असतात आणि काही बाबतींत हट्टही असतात. किराण्याच्या गुरूकडे जाऊन लयकारीचाच आग्रह धरावा, तशी गत चुकीच्या स्टुडिओत गेलेल्या विद्यार्थ्याची होते.

या घराण्यांची मुळे १९४८ ते १९६० या काळात सापडतात. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ साली फ्रेंच रेडिओत आगगाड्यांच्या ध्वनिमुद्रणांतून रचना केली आणि मुद्रित ध्वनीपासून सुरुवात करणारी परंपरा सुरू झाली. या परंपरेत ध्वनीचा उगम विसरून केवळ त्याचा पोत, आकार आणि हालचाल ऐकण्यावर भर असतो. कोलोनच्या रेडिओ केंद्रात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्टुडिओने नेमकी उलटी वाट धरली. तिथे शुद्ध कंपनांपासून, म्हणजे यंत्राने निर्माण केलेल्या स्वरांपासून, ध्वनी बांधला जात असे. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांनी १९५६ साली एका मुलाचा गाता आवाज आणि यंत्रनिर्मित ध्वनी एकाच रचनेत आणले तेव्हा या दोन वाटांमधील भिंत पडू लागली. तिसरी वाट संगणकाची होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये संगणकाकडून ध्वनिनिर्मिती करवून घेणारा अगदी सुरुवातीचा प्रोग्राम लिहिला. त्याच परंपरेत पुढे स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना १९६७ च्या सुमारास एका स्वराने दुसऱ्याची कंप्रता वेगाने बदलली असता समृद्ध ध्वनी मिळतो हे कानाने जाणवले. १९८३ साली बाजारात आलेला यामाहाचा डीएक्स सेव्हन हा त्याच तंत्रावर चालणारा कीबोर्ड आहे. ऐंशीच्या दशकातील हिंदी चित्रपटसंगीत ज्यांनी ऐकले आहे त्यांनी हे तंत्र नाव न कळता भरपूर ऐकले आहे.

नेदरलँड्सचे उदाहरण मी जरा विस्ताराने देतो, कारण एखाद्या संस्थेचा पूर्वेतिहास तिच्या आजच्या वर्गात कसा जिवंत असतो हे त्यातून चांगले कळते. आइंडहोवेनच्या फिलिप्स कंपनीच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत पन्नाशीच्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीताचे काम सुरू झाले. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात फिलिप्सच्या मंडपात एडगार वारेझ यांची रचना तीनशेहून अधिक स्पीकरांमधून फिरवून ऐकवण्यात आली, आणि त्या रचनेचे तांत्रिक काम याच कंपनीने केले होते. १९६० मध्ये ही यंत्रसामग्री उट्रेख्त विद्यापीठात हलवण्यात आली. कोलोनमध्ये काम केलेले गॉटफ्रीड मिखाएल क्योनिग १९६४ पासून तिथे कलाविषयक प्रमुख झाले आणि त्यांनी रचनेचे नियम संगणकाला सांगून त्याच्याकडून स्वरावली काढून घेण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे या स्टुडिओला इन्स्टिट्यूट ऑफ सोनॉलॉजी हे नाव मिळाले आणि १९८६ मध्ये तो हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत आला. आजही तिथे ध्वनी आणि त्याची रचना एकाच नियमातून कशी निघू शकेल हा प्रश्न विचारला जातो, आणि जुन्या पद्धतीचा अॅनालॉग स्टुडिओ संग्रहालयातील वस्तू म्हणून नव्हे तर विद्यार्थ्यांना रोज वापरण्यासाठी ठेवला जातो. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा संशोधनविषय घेऊन यावे लागते. ज्याला गाण्यांची निर्मिती शिकायची आहे त्याने इथे अर्ज करू नये. ज्याला एखादी कल्पना दोन वर्षे चघळायची आहे त्याच्यासाठी मात्र यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

इतर केंद्रांचा स्वभाव थोडक्यात असा सांगता येईल. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन्टी हॅरिसन यांनी १९८२ मध्ये सुरू केलेला बीस्ट हा स्पीकरांचा वाद्यवृंद आहे. पॅरिसची परंपरा ब्रिटनमध्ये रुजवणारे हे केंद्र असून तिथे रचना सभागृहात ऐकवताना हाताने फेडर, म्हणजे आवाजाची पातळी बदलणारी सरकपट्टी, हलवून ध्वनीला जागेत फिरवणे ही वादनासारखीच कला समजली जाते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील सोनिक लॅब २००४ मध्ये स्टॉकहाउझेन यांच्या हस्ते सुरू झाली. तिथे जाळीदार जमिनीखालीही स्पीकर असल्याने ध्वनी श्रोत्याच्या पायांखालून वर आणता येतो. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातील ध्वनी आणि संगीत संगणनाचा अभ्यासक्रम रचनेपेक्षा तंत्राकडे झुकलेला आहे. तेथील झाविएर सेर्रा यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून चाललेल्या एका युरोपीय प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे संगणकीय विश्लेषण झाले, त्यामुळे अभियांत्रिकीतून येणाऱ्या आणि रागसंगीत जाणणाऱ्या विद्यार्थ्याने हे केंद्र जरूर पाहावे. पॅरिसचे इरकाम १९७७ मध्ये सुरू झाले. तेथील रचनाकारांचा वार्षिक अभ्यासक्रम मोजक्याच जणांना घेतो आणि वाद्यवृंदासाठी पाश्चात्त्य लिपीत लिहिण्याचे शिक्षण झालेले आहे असे गृहीत धरतो. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीला सहसा आर्थिक मदत मिळत नाही, डॉक्टरेटला मिळते. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

जुन्या लेखांवर विसंबून यादी करू नये. कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेज हे इलेक्ट्रॉनिक संगीताच्या शिक्षणाचे कित्येक दशकांचे प्रसिद्ध ठिकाण होते, पण २०२२ मध्ये ते नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झाले. ब्रिटनमध्येही काही विद्यापीठांनी संगीत विभाग बंद केले किंवा आक्रसले आहेत. यादीत नाव घालण्यापूर्वी त्या संस्थेतील सध्याच्या दोन तरी शिक्षकांच्या रचना पूर्ण ऐकाव्यात, आणि ज्यांच्या रचना ऐकताना आपल्याला हेवा वाटला अशाच चार किंवा पाच ठिकाणी अर्ज करावा.

कानाची तयारी

पहिले तीन-चार महिने रचना करण्यापेक्षा ऐकण्याला द्यावेत. रोज एक रचना, चांगल्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर, दुसरे काहीही न करता सलग ऐकावी आणि नंतर वहीत लिहावे. लिहिताना ध्वनीचे नाव लिहू नये. “दार”, “पाणी”, “बासरी” असे शब्द आले की आपण उगम ऐकला, ध्वनी ऐकला नाही. त्याऐवजी तो कसा सुरू झाला, किती वेळ टिकला, विरताना खालचे स्वर आधी गेले की वरचे, तो डावीकडून उजवीकडे सरकला की दूर गेला, अशा वर्णनाची सवय लावावी.

हिंदुस्थानी संगीताचे थोडे जरी शिक्षण झाले असेल तरी इथे एक फायदा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो गंधार म्हणजे मूळ कंप्रतेच्या पाचपट कंप्रतेचा सहायक नाद होय. खर्ज ६५ हर्ट्झवर असेल तर तो ३२५ हर्ट्झवर सापडतो. संगणकावरील कोणत्याही स्पेक्ट्रम दर्शकात, म्हणजे ध्वनीतील कंप्रता रेषांनी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ही रेषा डोळ्यांनी पाहता येते. ज्याच्या कानाला हा गंधार सहज वेगळा काढता येतो, त्याने ध्वनीच्या या वर्णपटाच्या, म्हणजे स्पेक्ट्रमच्या, अभ्यासाची पहिली पायरी नकळत ओलांडलेली असते.

भारतातील पूर्वपीठिकाही माहीत असावी. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह एक स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे १९७२ पर्यंत काम केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्यांचा शोध घेतल्यानंतर निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. मुलाखतीत “तुमच्या देशात या संगीताचा काही इतिहास आहे का?” असा प्रश्न आला, तर निदान एवढे तरी सांगता यावे.

साधने : थोडकी आणि पुरती

खर्चाच्या बाबतीत या विषयाची अकारण भीती बाळगली जाते. हातात धरण्याजोगा एक स्टिरिओ रेकॉर्डर, बंद पद्धतीचे मॉनिटरिंग हेडफोन, साधारण क्षमतेचा संगणक आणि बहुचॅनल, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा आवाज असलेले, ट्रॅक हाताळणारे एक संपादन सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ रीपर, एवढ्यावर प्रवेशयोग्य पोर्टफोलिओ तयार होतो. मोड्युलर सिंथेसायझर विकत घेण्याच्या मोहात पडू नये. ते पैसे विमानाच्या तिकिटाला लागतील. एक प्रोग्रामिंगचे माध्यम मात्र नीट शिकावे. मिलर पकेट यांचे प्युअर डेटा आणि जेम्स मकार्टनी यांचे सुपरकोलायडर ही दोन्ही विनामूल्य आहेत. पहिल्यात पडद्यावर चौकोन तारांनी जोडायचे असतात, दुसऱ्यात मजकूर लिहायचा असतो. दोन्ही अर्धवट शिकण्यापेक्षा एक पूर्ण शिकावे. कोणते, हा वाद घालण्यात विद्यार्थी जेवढा वेळ घालवतात तेवढ्यात निम्मे शिकून होते.

घंगाळाचा अभ्यास

रचनेला बसताना पहिला अभ्यास एकाच वस्तूवर करावा. मी तांब्याचे घंगाळ सुचवतो, कारण ते अजून बऱ्याच घरांत माळ्यावर सापडते आणि त्याचा नाद लांब टिकतो. शांत वेळी, शक्यतो पहाटे, पंखा बंद करून, वीस मिनिटे ध्वनिमुद्रण करावे. रेकॉर्डर एकदा काठाजवळ आणि एकदा दोन हातांवर ठेवावा. बोटांनी, लाकडी रवीने, दोऱ्याने घासून आणि थोडे पाणी घालून हलवत वाजवावे. नंतर त्यातील ऐंशी ते शंभर तुकडे वेगळे करून त्यांची वर्गवारी आघात, टिकाव आणि विरणे यांच्या गुणांनुसार करावी.

पहिली रचना एक मिनिटाची असावी आणि तिच्यात केवळ कापणे, जोडणे आणि आवाजाची पातळी बदलणे एवढ्यालाच परवानगी असावी. कोणताही इफेक्ट वापरू नये. हे फार कंटाळवाणे वाटते आणि त्यातच त्याचे मोल आहे, कारण रचनेचा सांगाडा इथे उघडा पडतो. दुसरी रचना तीन मिनिटांची असावी. तिच्यात पट्टी बदलणे, ध्वनी उलटा फिरवणे, गाळणी (फिल्टर) लावणे आणि ध्वनीचे १० ते १०० मिलिसेकंदांचे कण करून ते पुन्हा पेरणे ही तंत्रे वापरावीत. तिसरी पायरी कोलोनच्या वाटेची आहे. घंगाळाच्या एका आघाताचे विश्लेषण करून त्यातील सर्वांत ठळक दहा-बारा कंप्रता आणि प्रत्येकीचा विरण्याचा काळ टिपावा, आणि तेवढ्याच साध्या स्वरांच्या बेरजेतून तो नाद सुपरकोलायडर किंवा प्युअर डेटामध्ये पुन्हा उभा करावा. मूळ ध्वनी आणि हा बांधलेला ध्वनी एकमेकांत बेमालूम मिसळून एक रचना झाली, की ती पोर्टफोलिओत घालण्याजोगी असते. माझ्या मते संपूर्ण तयारीतला हा सर्वांत फलदायी भाग आहे आणि त्याला दोन-तीन महिने लागले तरी ते वाया जात नाहीत.

पोर्टफोलिओ

या विषयात गुणपत्रिकेपेक्षा पोर्टफोलिओवर निर्णय होतो. संस्थेने किती रचना आणि किती मिनिटे हे सांगितले असेल तर ते तंतोतंत पाळावे. काहीच सांगितले नसेल तर एकूण वीस मिनिटांच्या दोन किंवा तीन पूर्ण रचना पुरेशा आहेत. सात तुकडे पाठवण्याने विस्तार दिसत नाही, निवड करता येत नाही हे दिसते. सर्वांत चांगली रचना पहिली ठेवावी आणि तिचे पहिले मिनिट पुन्हा पुन्हा तपासावे, कारण शंभर अर्ज ऐकणारा परीक्षक पुढे ऐकायचे की नाही हे तिथेच ठरवतो. म्हणून दीड मिनिटे हळूहळू चढत जाणारा गुंजारव घालून सुरुवात करू नये. दुर्दैवाने नवशिक्यांच्या अर्ध्या रचना तशाच सुरू होतात.

जाहिरातींचे जिंगल, वेबमालिकांचे पार्श्वसंगीत आणि नृत्यसंगीताचे ट्रॅक यांना इथे सहसा जागा नसते. ते वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांतील निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात, आणि परीक्षकाला तुमचे निर्णय ऐकायचे असतात. तयार सॅम्पल संचातील ध्वनी आणि सॉफ्टवेअरसोबत येणारे प्रीसेट अनुभवी कानाला लगेच ओळखू येतात. अतिरिक्त घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, हे दुसरे लक्षण. जोड नीट न बसलेल्या ठिकाणी तो ओतला जातो आणि सगळी रचना एकाच गुहेत घडल्यासारखी वाटते. एकदा रचनेतील सर्व रिव्हर्ब बंद करून ऐकावे आणि ज्या ठिकाणी खरोखर गरज भासेल तिथेच तो परत लावावा. शेवटचे मास्टरिंग करताना लिमिटर दाबून सगळे एकाच पातळीवर आणण्याची चित्रपटगीतांची सवयही सोडावी. या संगीतात हळू आणि मोठा यांतील अंतर हाच रचनेचा एक घटक असतो.

फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात ठेवाव्यात, त्यांच्या नावांत आपले नाव, रचनेचे नाव आणि चॅनलची संख्या असावी, आणि पाठवलेला दुवा दुसऱ्याच्या संगणकावर, आपले खाते बंद करून, उघडून पाहावा. बहुचॅनल रचना पाठवताना तिची स्टिरिओ आवृत्ती न चुकता जोडावी. माझ्या स्वतःच्या पहिल्या अर्जात आठ चॅनलची रचना मी आठ सुट्या मोनो फाइलींच्या रूपात पाठवली होती. मुलाखतीत कळले की परीक्षकांपैकी एकाने त्यांतली पहिलीच फाइल उघडून ऐकली होती आणि “रचना फारच विरळ आहे” असे त्यांचे मत झाले होते. दोष माझाच होता. त्यांनी जे ऐकले ते खरोखरच विरळ होते.

प्रत्येक रचनेसोबत दीडशे शब्दांचे टिपण द्यावे. त्यात मूळ ध्वनी कोणते, त्यांवर कोणती प्रक्रिया केली आणि रचनेचा आकार कशामुळे तसा झाला हे सांगावे. “ही रचना अस्तित्वाच्या अथांगतेचा शोध घेते” अशी वाक्ये सगळेच लिहितात आणि कोणीच वाचत नाही.

संशोधन प्रस्ताव

हेगसारख्या ठिकाणी, आणि डॉक्टरेटसाठी तर सर्वत्रच, प्रस्ताव मागितला जातो. भारतातून जाणाऱ्या प्रस्तावांपैकी बऱ्याच जणांचे शीर्षक “भारतीय शास्त्रीय संगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचा संगम” या अर्थाचे असते. हा प्रस्ताव नाही, इच्छा आहे. प्रस्तावात असा प्रश्न असावा लागतो ज्याचे उत्तर रचना करूनच मिळू शकते, आणि जो इतका लहान असतो की दोन वर्षांत त्याचे काहीतरी होईल.

तंबोऱ्याचेच उदाहरण पुढे नेऊ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना असे नोंदवले होते की तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्यांची स्तब्धता असते असे सहायक नाद सामान्य नियमानुसार ऐकू येऊ नयेत, पण तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात. घोडीचा पसरट वक्र पृष्ठभाग आणि त्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तार घोडीला वारंवार हलके टेकत राहते आणि ऊर्जा खालच्या नादांकडून वरच्या नादांकडे सरकत जाते, असे त्याचे कारण आहे. आता या माहितीवरून प्रस्ताव असा लिहिता येतो : दोऱ्याची जागा थोडी थोडी बदलत त्याच तंबोऱ्याची पन्नास ध्वनिमुद्रणे करावयाची, प्रत्येकातील सहायक नाद काळानुसार कसे सरकतात याचे विश्लेषण करावयाचे, आणि त्या सरकण्याचे वक्र तंबोऱ्याशी संबंध नसलेल्या ध्वनींना, उदाहरणार्थ माणसाच्या कुजबुजीला किंवा गर्दीच्या गोंगाटाला, लावून आठ चॅनलची रचना करावयाची. त्यामागचा प्रश्न असा, की कुजबुजीला जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा हा सरकत्या नादांचा झणकार, लागली तर ती ऐकणाऱ्याला जवारी म्हणून जाणवेल का. मिरजेतील तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे जाऊन जवारी काढण्याची प्रक्रिया मुद्रित करणे हा अशा प्रस्तावाचा पहिला टप्पा होऊ शकतो, आणि परदेशातील दुसऱ्या अर्जदाराला तो सहज साधणार नाही.

हजार शब्दांच्या प्रस्तावात दोनशे शब्द प्रश्नाला, तीनशे या विषयात आधी कोणी काय केले याला, चारशे कामाच्या पद्धतीला आणि उरलेले शंभर याच संस्थेत हे काम का करायचे याला द्यावेत. शेवटच्या भागात संस्थेची स्तुती करू नये. तेथील कोणता स्टुडिओ, कोणती स्पीकर व्यवस्था आणि कोणत्या शिक्षकाचे काम आपल्याला का लागेल तेवढेच लिहावे.

कागदपत्रे

ब्रिटनमध्ये तीन वर्षांची भारतीय पदवी सहसा चालते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात, त्यामुळे बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्यांनी आधी चौकशी करावी. पदवी संगीताचीच असावी असा आग्रह या विषयात कमी आढळतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद किंवा अलंकार परीक्षा दिली असेल तर ती शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात केवळ नावाने न लिहिता, किती वर्षांचा अभ्यासक्रम, प्रात्यक्षिक आणि शास्त्र यांचे स्वरूप काय, हे दोन ओळींत समजावून द्यावे, कारण परदेशी समितीला त्या नावावरून काहीही बोध होत नाही. शिफारसपत्रांपैकी एक तरी तुमचे काम प्रत्यक्ष ऐकलेल्या व्यक्तीचे असावे. प्राचार्यांच्या छापील पत्राचा उपयोग होत नाही. जर्मनीतील संगीत महाविद्यालये बहुधा जर्मन भाषेचे प्रमाणपत्र मागतात, आणि तिथल्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते सर्वांत आधी सुरू करावे.

मुलाखत

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते आणि अर्ध्या तासाच्या आत संपते. “या ठिकाणी हा ध्वनी अचानक का थांबला?” असा प्रश्न हमखास येतो, आणि “मला तसे बरे वाटले” हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे असते. आपल्या रचनांची वेळेनुसार टाचणे समोर ठेवावीत. अलीकडे काय ऐकले हा प्रश्नही ठरलेला आहे. इथे पहिल्या चार महिन्यांतील वही उपयोगी पडते. आपल्याला जे येत नाही ते सरळ सांगावे. प्रोग्रामिंग कच्चे आहे हे कबूल करणाऱ्याला प्रवेश मिळतो. स्वतःच्या पॅचमधील, म्हणजे चौकोन जोडून केलेल्या प्रोग्राममधील, एक चौकोन काय करतो हे न सांगता आल्याने मात्र अडचण होते.

पैसा

ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवी एका वर्षाची असल्याने एकूण खर्चाचा हिशेब करताना ती दोन वर्षांच्या युरोपीय पदवीशी तोलून पाहावी; शुल्क जास्त, पण राहण्याचा खर्च एकाच वर्षाचा. जर्मनीत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेते, आणि कार्ल्सरूहसारखे या विषयाचे महत्त्वाचे शहर त्याच राज्यात आहे. जर्मन व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात दाखवावयाची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे.

शिष्यवृत्त्यांपैकी मुंबईच्या जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्जशिष्यवृत्ती आणि इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती या दोन्हींच्या अटींत आपला विषय बसतो का हे आधी पाहून अर्ज करावा. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची संगीतासाठी वेगळी शिष्यवृत्ती असते. ब्रिटनच्या चेव्हनिंगसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ती विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीशी जोडलेली असल्याने एक अडचण उद्भवते : स्वतंत्र संगीत महाविद्यालये सर्वसाधारण क्रमवारीत नसतातच. ज्यांना ही शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता आहे त्यांनी आपल्या यादीत क्रमवारीतील विद्यापीठांचे संगीत विभाग आधी घ्यावेत. या विषयात मी क्रमवारीला महत्त्व देत नाही, पण हा एक अपवाद मान्य करावा लागतो.

वेळापत्रक

सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी युरोपातील संगीत महाविद्यालयांचे अर्ज बहुधा आदल्या हिवाळ्यात बंद होतात, तर ब्रिटनमधील विद्यापीठे वसंतापर्यंत किंवा त्यानंतरही अर्ज घेतात. म्हणजे २०२८ च्या सप्टेंबरात शिकायला बसायचे असेल, तर २०२७ च्या जूनमध्ये ऐकण्याची वही सुरू झालेली असावी, गणपतीपर्यंत घंगाळाच्या दोन रचना हातात असाव्यात, दिवाळीत प्रस्तावाचा पहिला मसुदा एखाद्या परखड मित्राला वाचायला द्यावा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोर्टफोलिओ पूर्ण व्हावा. शिफारसपत्र देणाऱ्यांना दीड महिना आधी सांगावे आणि पंधरा दिवसांनी न संकोचता आठवण करावी.

प्रवेश मिळाल्यावर निघण्यापूर्वी इथल्या ध्वनींचा साठा करून घ्यावा. स्टुडिओ, स्पीकर आणि सॉफ्टवेअर तिथे मिळतील. पहाटेची लोकल, बोहारणीची हाक आणि घंगाळ तिथे मिळणार नाही. हे सर्व ध्वनिमुद्रण दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावे, आणि त्यांतली एक केबिन बॅगेत न्यावी.